चार कोस झाकलेली कढई

मामांकडे भांडं एकच होतं, लोखंडी कढई. तिचा एक कान तुटलेला होता. त्यामुळे ती उतरवताना एका हाताला ओलं फडकं लागायचं आणि दुसऱ्या हाताला नुसता धीर. मी घरून आणलेलं पितळेचं पातेलं त्यांनी पहिल्याच दिवशी बाहेर नेऊन पागोळीखाली पाणी धरायला ठेवून दिलं. म्हणाले, दोन भांडी झाली की दोन कालवणं होतात, दोन कालवणं झाली की दोन घरं होतात, आणि ही चौकी एकाच घराएवढी आहे. मला राग आला होता, पण मी तेव्हा कुणालाच काही बोलत नसे.

निजामाचं राज्य होतं. बीडहून निघालेली टपालाची थैली हरकाऱ्यांच्या पायांवर लिंबागणेशकडे जायची, आणि मधे डोंगराच्या माथ्यावर आमची चौकी होती. दगडाची एक खोली आणि पुढं गवताची पडवी. आम्ही दोघंच हरकारे. दुपारी बीडच्या बाजूच्या चौकीवरून थैली इथवर मी आणायची. इथून पुढं दोन कोस ती मामांनी न्यायची, पुढच्या माणसाच्या हातात द्यायची आणि त्याच्याकडची थैली घेऊन परत यायचं. जाऊन येऊन चार कोस. सगळे त्यांना मामा म्हणत. कुणाचे मामा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं गाव लांब, गोदावरीच्या काठी, नांदेडच्या बाजूला. पायी आठ दिवसांची वाट. शाळेत उर्दू सुरू झाली आणि तिसरीतच माझी शाळा संपली. पुढं शेतात राबलो, लग्न झालं, आणि बाविसाव्या वर्षी कुणाच्या तरी शब्दावर ही नोकरी मिळाली. नोकरी मिळाली याचा आनंद मला अर्धा दिवस झाला. नंतर भीती सुरू झाली. थैली भिजेल याची भीती, थैलीत माझ्याच घरून कोपरा फाडलेलं, म्हणजे कुणी गेल्याचं, कार्ड निघेल याची भीती, डोंगरातल्या जनावराची भीती. भाकरी थापता येत नव्हती. माझी भाकरी तव्याऐवजी मामांच्या कढईत पडायची आणि तिथं तिला जो आकार येईल तो येई. मामा ती दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे करत आणि म्हणत, "ह्यो बग तुझा गाव, आन् ही गोदावरी फाटली हितं."

दिसायला मामा म्हणजे दोन पोटऱ्या आणि एक मुंडासं. मधलं शरीर असून नसल्यासारखं. मुंडाशाच्या शेवाला मिठाची गाठ बांधलेली असायची. वाटेत कुठं कैरी सापडली, कुणाच्या रानात काकडी मिळाली, तर मिठासाठी अडायला नको. वय विचारलं की पन्नास सांगत. पुढच्या चौकीचा हरकारा म्हणायचा, मी नोकरीला लागलो तेव्हाही हे पन्नासच सांगायचे, आणि आता मला नातू आहे.

धावताना मामा कुणासाठी थांबत नसत. वाटेत पाटील भेटो, ओळखीचा भेटो, काठीची घुंगरं वाजवत ते पुढं निघून जात. रामराम घालायचा तर तोही पाठीमागं टाकत. थांबायचे ते फक्त वारुळापाशी. श्रावणात आमच्या डोंगरात वारुळांवर अळंबी फुटायची. पांढरी, मधे टोकदार, आणि लांब मुळी थेट आत वारुळाच्या पोटात गेलेली. मामा तिथं वहाणा काढायचे, काठी जमिनीवर टेकून घुंगरं एकदा वाजवायचे आणि विचारायचे, "घिऊ का?" मग श्वास धरून उभे राहायचे. कधी खाली बसून मुंडासं भरून घेत. कधी भली मोठी अळंबी समोर असताना तशीच टाकून पुढं निघत, आज न्हाई म्हनतंय म्हणून. मी एकदा विचारलं, तुम्हाला आवाज येतो तरी कसा? ते म्हणाले, "तुला आयकू आलं असतं तर मी तुलाच इचारलं असतं की."

आमच्या गावाकडं याला कुत्र्याची छत्री म्हणतात. लहानपणी हात लावला तर आई हात धुवायला लावायची आणि वर एक चापट द्यायची. इथं चौकीत आल्या दिवशी मी पाहिलं, तर हा म्हातारा तीच छत्री चुलीपुढं घेऊन बसलेला, आणि दुसऱ्या हातानं लसूण सोलतोय.

मामांचा स्वयंपाक ठरलेला. लिंबागणेशच्या वाण्याकडून ज्वारीच्या कण्या आणि करडईचं तेल यायचं. कण्या सकाळीच पाण्यात पडायच्या. अळंबी ते विळीवर कधी चिरत नसत. लोखंड लागलं की ती रुसते म्हणत, आणि मग तिला लोखंडाच्याच कढईत टाकत. हे मी एकदा दाखवून दिलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोटांनी उभी फाडायची, माती फडक्यानं पुसायची. तेल तापलं की लसूण, ठेचलेली लाल मिरची, मग अळंबी. ती आधी चरचरते, मग घाबरल्यासारखी पाणी सोडते. त्या पाण्यात कण्या, मीठ, वरून गरम पाणी, आणि कढईवर पळसाच्या पानांची पत्रावळ. तिच्यावर एक चपटा दगड. मग मामा ढवळत नसत, उघडून बघत नसत. कढईजवळ कान नेऊन ऐकत. पाणी असेपर्यंत खदखद, मग बुडबुड, मग बारीक फुसफुस. फुसफुस थांबली की लाकडं ओढायची. "ती बोलायची थांबली की झालं. माणसाचं उलटं असतंय," असं एकदा म्हणाले होते. माणसाचं काय उलटं असतं ते त्यांनी सांगितलं नाही.

वास असा सुटायचा की रस्त्यानं जाणारे बैल माना वळवायचे, असं मामा सांगत. माणसं मात्र नाक मुरडत. वाणी शैव, गळ्यात लिंग, कांद्याचाही विटाळ मानणारा. तो कण्या मोजून देताना तोंड कडू करून म्हणायचा, "मामा, चांगल्या घरच्या ज्वारीला तुमी वाईट संगत लावलीत."

पहिले पंधरा दिवस मी मामांच्या कण्या-अळंबीला शिवलो नाही. कोरडी भाकरी, मिरची, पाणी. मग श्रावणाच्या झडीत माझं पीठ ओलं झालं, त्याला बुरा आला, आणि मी दोन दिवस जवळपास उपाशी धावलो. दुसऱ्या दिवशी थैली आणून पडवीत टेकलो तर उठताच येईना. मामांची कढई नुकतीच उतरली होती. त्यांनी आग्रह केला नाही. भीती कसली वाटते ते विचारलं. मी सांगितलं, मरायची. मग त्यांनी पत्रावळ उचलून मूठभर कण्या-अळंबी खाल्ली, पाणी प्याले, पत्रावळ परत झाकली, दगड ठेवला.

"हे बग," थैली खांद्याला लावत म्हणाले, "इख पोटात गेलं आन् मानूस धावला, तर ते लगीच वर येतंय. मी चार कोस धावून येतो. आलो तर तू खा. न्हाई आलो तर कढई पुरून टाक, आन् वाटंत जितं मी पडलो आसंन तितून थैली उचलून फुडं पोचव. आदी थैली."

आणि गेले. घुंगरं खाली उतरत गेली, वळणाआड गेली, मग ऐकू येईनाशी झाली. मी त्या झाकलेल्या कढईपुढं अडीच तास बसून राहिलो. दिवेलागणीच्या जरा आधी खालून घुंगरं वाजली. मामा आले, थैली खुंटीला लावली, माझ्यापुढं उभे राहिले आणि एकदा उडी मारून दाखवली. मग आम्ही जेवलो. गार कण्या होत्या, बुडाशी लागलेल्या, आणि मला वाटतं मी त्या दिवशी कढईसुद्धा खाल्ली असती.

तेव्हापासून हाच नेम झाला. मामांनी मूठभर खायचं, झाकायचं, धावायचं. मी वाट बघायची. परत आले की दोघांनी बसायचं. अळंबीचे दिवस संपेपर्यंत असं, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा असंच. पुष्कळ वर्षांनी बीडमधल्या एका डॉक्टरांना मी हे सांगितलं, तर ते खुर्चीतून पुढं आले. म्हणाले, खरी वाईट अळंबी रात्र उलटेपर्यंत काही कळू देत नाही, तुमच्या चार कोसांना काडीचा अर्थ नव्हता. त्या हिशोबानं मी दोन पावसाळे नुसता नशिबावर जेवलो.

दुसऱ्या श्रावणात वरून हुकूम आला. हरकाऱ्यांपैकी जे म्हातारे झाले असतील त्यांची चाल टपालाचे मोहतमीम साहेब, म्हणजे तपासणीचे अधिकारी, स्वतः घड्याळ लावून बघतील, आणि ज्याला वेळ लागेल त्याला रजा मिळेल. आमच्या चार कोसांना दोन तास ठरवले होते. रजा म्हणजे कायमची रजा. मामांना चौकीशिवाय घर नव्हतं. त्यांचं माणूस कुठं होतं की नव्हतं, याबद्दल ते बोलत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी कढईकडे बोट केलं होतं.

मला रात्रंदिवस तेच. मामा गेले तर मी या डोंगरात एकटा राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नोकरी सोडून घरी जाईन, आणि घरी जाऊन काय सांगेन हे ठाऊक नव्हतं. पाय मामांचे चांगले होते, दोन तासांत चार कोस ते सहज करत. अडचण वारुळांची होती. मी त्यांच्या पाया पडलो आणि सांगितलं, त्या एका दिवशी वारुळाकडे बघू नका. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नका असंच म्हणतोय. ते म्हणाले, तेच म्हणतोय मी, बघू.

साहेब आले ते पावसात. टांगा खाली चिखलात रुतला, डबा घेऊन येणारा नोकर टांग्यापाशीच राहिला, आणि साहेब छत्री घेऊन चढ चालत आले. हैदराबादचे, लांब शेरवानी, तिचा खालचा घेर चिखलानं जड झालेला. बोलायला गोड, उर्दू मिसळून मराठी बोलायचे, पण घड्याळ एकदा हातात घेतलं की ते माणसाकडे बघत नसत. मामांनी त्या दिवशीही कण्या शिजवल्या होत्या. निदान आज तरी चूल पेटवू नका असं मी म्हटलं होतं, तर म्हणाले, हुजूर काय उपाशी पोटानं घड्याळ बघंल व्हय? साहेबांसमोरच त्यांनी आपली मूठभर खाल्ली, कढई झाकली, थैली लावली. साहेबांनी घड्याळ बघून हात खाली केला आणि मामा सुटले.

पाव तास साहेब पडवीत शांत बसले. मग त्यांचं नाक कढईकडे वळलं. आत काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, कण्या, साहेब. खोटं नव्हतं ते. पण तपासणीच्या दिवशी साहेबांना कुत्र्याच्या छत्रीचं नाव सांगायचं धाडस मला झालं नाही. सांगितलं तर मामांच्या नावावर आणखी काहीतरी लिहिलं जाईल, असं वाटलं. साहेबांनी स्वतःच दगड बाजूला केला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मांडी घालून बसले. मटण कोंबडीचं की बकऱ्याचं म्हणून विचारलं. मी मान खाली घातली. अर्धी कढई संपल्यावर त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि भल्या माणसानं विचारलं, तू नाही खात?

मी म्हणालो, मामा परत आल्यावर खातो.

साहेब खूश झाले. वडीलधाऱ्यांचा अदब अजून गावात शिल्लक आहे असं काहीतरी म्हणाले. तिथंच मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मला ती फुकटची शाबासकी सोसवेना.

"अदब नाही साहेब," मी म्हणालो. "ते जिवंत परत आले तरच खायचं असतं."

साहेबांचा हात तोंडाजवळ थांबला. मग मला सगळं सांगावं लागलं. अळंबी, इख, धावणं, चार कोस, कढई पुरणं. थैली आधी, हेसुद्धा सांगितलं. साहेबांनी हातातला घास हळूच परत कढईत ठेवला आणि पत्रावळ नीट झाकली, जणू आतलं काही बाहेर येईल.

त्यानंतरचे दीड-पावणेदोन तास मी विसरणार नाही. साहेब उठले, बसले, पोटावर हात ठेवला, काढला. मला विचारलं, मामा जाताना कसे दिसत होते? चेहरा पिवळा होता का? मी म्हणालो, तो रोजच तसा असतो. मला पुढं जाऊन बघायला सांगितलं. मी म्हणालो, चौकी सोडायचा हुकूम नाही. हुकूम तर मीच देतो आहे, असं ते म्हणाले. मग खरंच गेलो तर इथं एकटं राहावं लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी मला परत बसवलं. दोन तास भरले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे असे झाले की मलाच त्यांची दया आली. पुढं घड्याळ नुसतं हातात होतं. साहेब भर पावसात वाटेच्या वळणावर जाऊन उभे राहिले, छत्री पडवीतच विसरून. मला मामांचं घर जाईल याची धास्ती होती. साहेबांना कशाची ते मला माहीत होतं. पण घुंगरांची वाट आम्ही दोघं सारखीच बघत होतो.

घुंगरं वाजली ती जवळजवळ अर्ध्या तासाच्या उशिरानं. मामा वळणावरून वर आले. डोकं उघडं, आणि मुंडाशाचं गाठोडं करून काखेत धरलेलं. गाठोड्यात काय आहे हे मला उघडायच्या आधीच कळलं, आणि मी कपाळावर हात मारला.

साहेब धावत पुढं गेले. मामांचे दोन्ही खांदे धरले.

"जिंदा आहेस?"

"हाय की, हुजूर. कावून?"

पोटात कळ? चक्कर? काही म्हणजे काही? मामांनी आधी साहेबांकडे बघितलं, मग पडवीतल्या कढईकडे, मग माझ्याकडे. आणि ते खाली बसून हसायला लागले. हसता हसता गाठोडं सुटलं, अळंबी चिखलात सांडली, ती गोळा करत हसत राहिले. म्हणाले, "हुजूर, लई पावसाळे झाले, हीच खातोय. वारुळाची हाय ही. हिला कशाची परीक्षा?"

"मग रोज आधी खाऊन धावतोस, ते?" साहेब आता जरा चिडले होते.

"ते धावतो."

"कशासाठी?"

मामांनी मुंडाशाच्या शेवाची मिठाची गाठ सोडली, परत बांधली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्येला भ्या वाटतं, हुजूर. घरापासून लई लांब आलंय ते. उपाशी निजायचं."

"कितने दिन?"

"ह्यो दुसरा श्रावण."

पागोळीखाली माझं पातेलं भरून वाहत होतं, त्याचा तेवढा आवाज. दोन श्रावण या माणसानं आपल्या मूठभर खाण्यावर चार कोस काढले होते आणि मग माझ्याबरोबर गार, बुडाला लागलेलं खाल्लं होतं. आणि मी रोज त्यांना वरून खालपर्यंत तपासून मगच घास उचलत होतो.

साहेब पडवीत येऊन बसले. वही काढली, दौत काढली. मग टाक हातात धरून मला म्हणाले, या माणसाला यायला वेळ लागला की नाही, ते तू सांग. घड्याळाला पाणी लागलं आहे.

मी आयुष्यात अधिकाऱ्यापुढं मान वर केली नव्हती. ती केली, आणि म्हणालो, "रोज येतात त्याच वेळेला आले, साहेब." हे अक्षरशः खरं होतं.

साहेबांनी काहीतरी उर्दूत लिहिलं. मला ते वाचता आलं नाही, पण मामा त्यानंतर सात वर्षं त्या चौकीत होते, तेव्हा काय लिहिलं असेल ते उघड आहे.

टांगा अजून वर आला नव्हता. मामांनी उरलेलं काढून रस्त्यानं जाणाऱ्या बैलांसाठी ठेवलं, कढई पुसली, पुन्हा चूल पेटवली आणि नव्या अळंबीची एक एक काडी फाडू लागले. साहेब त्यांना अळंबी कशी ओळखावी ते विचारत होते आणि मामा काही केल्या सांगत नव्हते. वारुळाला विचारा, म्हणत होते. खदखद झाली, बुडबुड झाली, फुसफुस थांबली. मामांनी दगड काढला, पत्रावळ उचलली, आणि नेमाप्रमाणं आपली मूठ भरायला हात पुढं केला.

त्यांच्या हाताच्या आधी मी हात घातला. मोठा घास, बुडापासून, तसाच तोंडात. मामा काहीतरी ओरडले, फुंकून खा असं असावं. त्यांचं बरोबर होतं. पुढं तीन दिवस माझ्या जिभेला कशाचीच चव लागली नाही.